नाडीवरची तीन बोटं

“दार कशाला लावलंस? बाहेर माणसं खोळंबलीत.”

“खोळंबू देत. आधी माझी नाडी बघा, अण्णा.”

वैद्यांनी चष्म्यावरून लेकीकडे पाहिलं. “तुला काय धाड भरलीय?”

“तेच सांगा ना. न विचारता ओळखता म्हणे तुम्ही.”

सकाळपासून बापलेक एकमेकांना पाण्यात पाहत होते. तसं हे रोजचंच. विज्ञानाची पदवी घेऊन ती प्रयोगशाळेत नोकरीला लागणार, तोच भाऊ घर सोडून निघून गेला आणि वैद्यांनी तिला दवाखान्यात पुड्या बांधायला बसवलं. चार दिवस म्हणून. तिचे केस इथेच पिकले. काढे तिने उकळले, चूर्णं तिने चाळली. नाडीला मात्र त्यांनी तिला कधी शिवू दिलं नाही. “तुझे हात खलबत्त्याचे,” म्हणायचे.

आता त्यांचेच हात गेले होते. साखरेच्या आजाराने बोटं बधिर झाली होती. परवा त्यांनी काढ्याचं तापलेलं पातेलं उचललं. कातडी भाजल्याचा वास तिला आला, त्यांना पत्ता नाही. त्याआधी बेकरीवाल्याची नाडी पाहून ‘वात आहे’ म्हणाले आणि पाचक देऊन त्याला घरी पाठवलं. संध्याकाळी त्याला इस्पितळात न्यावं लागलं. ठोके वेडेवाकडे पडत होते. शिकाऊ नर्सलाही मनगट धरताच कळलं असतं. थोडक्यात वाचला.

“त्याचं खापर माझ्यावर फोडू नकोस,” वैद्य म्हणाले. “माझ्याकडे आला तेव्हा नाडी ठीक होती.”

“तुमच्या बोटांना ती लागली तरी होती का?”

“लोक मला धन्वंतरी म्हणतात.”

तिने भिंतीवरच्या तसबिरीकडे हनुवटी उडवली. “त्याला चार हात आहेत. एखादा बधिर झाला तरी त्याचं भागेल. तुमचं नाही भागत.”

“जीभ आईची घेतलीस. बस इकडे.”

तिने डावं मनगट टेबलावरच्या उशीवर ठेवलं. वैद्यांनी तीन बोटं टेकवली आणि सवयीने डोळे मिटले. ती थोडी थांबली. मग हलकेच तिने मनगट पालथं केलं. घड्याळाची तबकडी असते तिथे हाडं असतात, नाडी नसते.

बोटं तशीच राहिली. एकेक दाबून, सैल सोडून वैद्य मन लावून ऐकत होते.

“पित्त,” ते म्हणाले. “तडतड उडतेय नुसती. जन्मापासूनच आहे तुझं.”

तिने उलट उत्तर दिलं नाही, म्हणूनच त्यांनी डोळे उघडले.

त्यांनी आपली बोटं पाहिली. बोटांखालची, तिच्या मनगटावरची लव पाहिली. मग हात मागे घेऊन मांडीवर ठेवला. या घटकेची तिने किती वाट पाहिली होती. आता ती आली, तर कुठे बघावं तेच तिला कळेना.

“दार उघड,” ते म्हणाले. “कोण आहे त्याला पाठव.”

“अण्णा, अजूनही तुम्ही…”

“पाठव म्हणतो ना.”

शिंपीणबाई आत आल्या, खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी डावा हात उशीवर ठेवला. हात तिथेच पडून राहिला. वैद्यांनी आपला हात मांडीवरून उचलला नाही.

“ही बघेल,” ते म्हणाले.

“ही?” शिंपीणबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “हिला येतं?”

“नाही येत. तरी बघेल.”

तिने बोटं टेकवली. ठोके नियमित, ठसठशीत लागत होते. ते तिला मोजता येत होते; त्यापलीकडे काही नाही.

“एवढं दाबू नकोस,” वैद्य खेकसले. “नाडी आहे ती, दारावरची घंटा नव्हे.”

“मग किती दाबायचं?”

सांगायला त्यांनी तोंड उघडलं. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, शब्द सापडेनात. मग त्यांची तीन बोटं त्यांच्याच गुडघ्यावर टेकली आणि एकेक करून सावकाश हलू लागली, तिला दिसतील अशी.