पुराच्या दगडावर एक माणूस कमी

गाडी जरा बाजूला घ्या. पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला कमरेएवढा उभा आहे ना, तो मी. लोक मला ‘पुराचा दगड’ म्हणतात. इतकी वर्षं तुम्ही मला वाचलंत, निदान वाचायला हवं होतंत. आज मीच बोलतोय.

जन्म माझा खाणीतला, पण मला माणसांत आणलं एका पाथरवटाने. छिन्नी चालवताना तो स्वतःशीच बडबडायचा. आठ दिवस खपून त्याने माझ्या अंगावर कोरलं: ‘जुना पूल वाहून गेला त्या दिवशी येथून एका नावाड्याने एकाच खेपेत सदतीस जणांना पैलतीरी सुखरूप नेले.’ एवढा मोठा पराक्रम आपल्या छातीवर म्हटल्यावर मी फुशारून गेलो. जणू होडी मीच वल्हवली होती!

मला उभं केलं तेव्हा पुराला पंचवीस वर्षं झाली होती. पडदा सरकला, टाळ्या झाल्या, आणि गर्दीतून एक तरुण बाई पुढे आली. कपडे शिवायची ती. मापाची टेप तशीच गळ्यात. एकेका अक्षरावर बोट ठेवत तिने मला वाचलं आणि कमरेवर हात ठेवले.

“सदतीस? मग मी काय बोचक्यात बांधून आले होते?”

सगळे हसले. मी मात्र चपापलो. ती त्याच होडीत, ऐन प्रवाहात जन्मली होती. कचेरीतल्या कारकुनाने माणसं मोजली ती या काठावर, चढताना. उतरल्यावर जो तो एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होता. पुन्हा मोजायचं कुणाला सुचणार?

तिचं दुकान माझ्या समोरच. रोज सकाळी शटर वर करताना ती मला विचारायची, “काय हो, झाले का अडतीस?” छातीवर सदतीसच, कप्पाळ! कधी तिची म्हातारी आई सोबत असायची. ती माझ्या चौथऱ्यावर टेकून म्हणायची, “जाऊ दे गं. मला ठाऊक आहे ना!”

“तुला ठाऊक आहे गं आई. पण तू गेल्यावर?”

आई गेली. मग ठाऊक असणारं कुणी उरलं नाही, फक्त ती आणि मी. आणि मी तर उघड उघड चुकीचं सांगत उभा. मला फार लाज वाटायची. बाकीच्यांना त्याचं काय? कुणी मला सायकल टेकवली, कुणी ‘घर भाड्याने देणे आहे’ चिकटवलं. फोटो तर सगळेच काढायचे, माझ्याकडे पाठ करून.

पस्तीस वर्षं अशीच गेली. मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मला दहा पावलं मागे सरकवायला एक तरुण इंजिनिअर आला. ही बया कात्रीसकट धावत आली.

“साहेब, हलवताय तर दुरुस्तही करा. एकदा सिमेंटात बसला की माझ्या हयातीत परत कोण हात लावणार?”

“मावशी, कागद लागतो.”

“अंगावर चिंधी नव्हती माझ्या. कागद कुठून आणू?”

जन्माचा दाखला होता. पण त्यावर तारीख पुराची आणि जागा पैलतीराची. होडीचा पत्ता कोण लिहितो? इंजिनिअर हसला, पण दुसऱ्या दिवशी कचेरीतली जुनी यादी घेऊन आला. माझ्या डोक्यावर पसरून त्याने नावं मोजली. “चढले सदतीसच, मावशी.”

तिचा चेहरा पडला. तेवढ्यात त्याचं बोट एका नावापाशी थांबलं. कारकुनाने शेजारी लिहिलं होतं: ‘दिवस भरले आहेत. मधोमध बसवावी.’

“ही कोण?”

“माझी आई!”

त्याने यादी पाहिली, दाखला पाहिला आणि कपाळावर हात मारला. “म्हणजे पोटात असा नाहीतर मांडीवर, आलात याच होडीने!”

“तेच तर पस्तीस वर्षं कोकलतेय मी!”

आता पाथरवटाची मुलगी छिन्नी घेऊन आली. मला निरखून म्हणाली, “कोरलेलं पुसत नाही. सगळं घासावं लागेल, दगड पातळ पडेल.” माझी पाचावर धारण बसली. मावशी मात्र शांत. “घासायचं कशाला? झगा आखूड झाला तर आम्ही फेकून देत नाही, खाली पट्टी जोडतो. जागा आहे की खाली!”

आणि माझ्या अंगावर नवी ओळ आली: ‘उतरताना अडतीस.’ खरं सांगतो, इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

आता लोक थांबतात. वाचतात, बोटांवर मोजतात, हसतात. काल एका ट्रकवाल्याने माझ्यासमोर गाडी उभी केली, दोनदा वाचलं आणि डोकं खाजवत समोरच्या दुकानात ओरडून विचारलं, “अहो, नदीत हा एक माणूस वाढला कसा? कोण हा?”

शिलाई मशीन थांबलं. साठीची मावशी तोंडातल्या टाचण्या काढत दारात आली आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी!”