बस्त्यावरचा हात

पांढुर्ण्याच्या बाजारात आशिषच्या बापानं दुकान घातलं तेव्हा पाटीवर 'कृपा वस्त्रालय' असं लिहिलं. कृपा कोणाची, ते काही लिहिलं नाही. गिऱ्हाईक आपापल्या देवाची धरून चालायचं, आणि तसंही लोकांना मतलब कापडाशी. दुकानात क्रूस नाही, तसबीर नाही. मालक ख्रिस्ती आहेत हे कळायचंच तर रविवारी उशिरा उघडणाऱ्या शटरवरून.

आणि करुणाच्या हातावरून, पण ते कोणाच्या लक्षात यायचं नाही. लग्नाचा बस्ता बांधून झाला, घरच्या बायांनी त्याला हळदकुंकू लावलं, की आशिषची ही बायको वरच्या शालूवर तळवा ठेवायची. तिचे ओठ हलायचे. नवरीसाठी ती मनातल्या मनात प्रार्थना करायची आणि पाहणाऱ्याला वाटायचं, बाई नग मोजून घेते आहे. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

यंदा मात्र आशिष धास्तावला. कुठल्याशा गावात एका दुकानदाराकडे म्हणे चार जण चौकशीला आले होते, गिऱ्हाइकांना तुमच्या धर्माचं काय शिकवता म्हणून. खरंखोटं कोणाला ठाऊक! पण तेव्हापासून हा माणूस एका जागी ठरेना. गल्ल्यावरून उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. रस्त्यात कोणी जरा थांबलं की याच्या हातातली कात्री थांबायची. शेवटी आज सकाळी चहा पिताना तो बोललाच.

"करुणा, ते बस्त्यावरचं आता बंद कर."

"मी कोणाले काही म्हणतो का? मनातच तर करतो," करुणा म्हणाली.

"तेच तर! न बोलता काय करून राहिली, असं इचारतीन लोक. नग मोजायचे तर मोज. बाकी काही नको."

करुणानं कप विसळून पालथा घातला. ती रागावली की नाही, हे आशिषला बारा वर्षांत कधी ओळखता आलं नव्हतं.

दुपारी मोहगावहून वच्छलाकाकू आल्या. धाकटीचं लग्न ठरलेलं, आणि सोबत त्यांचे यजमान गुणवंताभाऊ, संत्र्याचे बागाईतदार, तासाभरात कंटाळून गादीवर लोडाला टेकले होते. साड्यांचा ढीग पडला, त्यातल्या निवडल्या, बस्ता बांधला, हळदकुंकू लागलं. तेवढ्यात शेजारचा मोबाइलवाला अभिजीत कशासाठीतरी दारात येऊन उभा राहिला. आणि नेमका तेव्हाच करुणानं बस्त्यावर हात ठेवला. तिचे ओठ हलायला लागले.

सांगूनसुद्धा! आशिष गल्ल्यावरून उठून पुढे आला.

"करुणाबाई," वच्छलाकाकूंनी सरळच विचारलं, "हात ठेवून तुम्ही काय म्हणता जी?"

"नग मोजून राहिली ते," आशिष घाईघाईनं मधे पडला.

काकूंचा चेहरा उतरला. "अस्सं होय. मले वाटलं, तुमच्या देवाजवळ काही मांगता. मोठीच्या बस्त्यावर असाच हात ठेवला होता तुम्ही. लेकरू सुखात हाय माझं. आता हिच्यासाठी जामसांवलीच्या मारुतीले सांगून आलो, मंग सौसरचे सारे दुकानं सोडून इथं आलो. म्हटलं, हा हातही लागू द्या पोरीले." त्या यजमानांकडे वळल्या. "चला, उचला जी."

आशिषची कानशिलं तापली. ज्याच्यापायी तो महिनाभर नीट जेवला नव्हता, तेच मागायला ही बाई एवढ्या लांबून आली होती, आणि तो तिला रिकामंच परत पाठवत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. अभिजीत अजून दारातच होता, कान देऊन. आशिषनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि जीव मुठीत धरून बोलला.

"काकू, थांबा. मी खोटं बोललो. ते मोजत नाही. पोरीसाठी प्रार्थना करते. आमच्या येशूजवळ. बारा वर्षं झाली, हर बस्त्यावर करते."

अभिजीतनं मान वर केली. काकू मात्र फुलल्या. "पाहा! मले मालूमच होतं," असं म्हणत त्यांनी करुणाचा हात धरला.

करुणाचे डोळे भरून आले होते.

"नाही काकू," ती म्हणाली. "आज मी खरोखर मोजूनच राहिली होती." तिनं आशिषकडे पाहिलं. "सकाळी यायनं मना केलं होतं."