तारेचे तीन वेढे

मित्रांनो, मी एक जुना सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. ज्या माणसाने मला अकरा वर्षे जिवापाड जपले, त्यानेच एका सकाळी मला तारेने बांधले. तो धक्का माझ्या पितळेतून अजून गेलेला नाही.

आधी माझ्या नावाविषयी सांगतो. इंग्रजीतले दोन शब्द जोडून ते झाले आहे. एक सुरक्षिततेचा, दुसरा झडपेचा. हे नाव तुम्हाला अनेक ठिकाणी भेटेल, पण काम सगळीकडे सारखे नसते. घरच्या कुकरच्या झाकणावर शिट्टीजवळ जे छोटे बटण असते, तो माझा धाकटा भाऊ. शिट्टी चोंदली तरच तो वितळतो, तेही एकदाच, आणि संपतो. मी बॉयलरवरचा. वाफेचा दाब ठरलेल्या रेघेपर्यंत गेला की मी उघडायचे, जादा वाफ सोडायची आणि पुन्हा मिटायचे. लोक तर हे नाव जिथे धातूचा तुकडाही नाही तिथेही वापरतात. रडणे हा मनाचा सेफ्टी व्हॉल्व्ह, असे रेडिओवर एक डॉक्टरीणबाई म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

माझी नेमणूक चादरी धुण्याच्या एका कारखान्यात झाली. दवाखान्यांच्या चादरी तिथे गठ्ठ्यांनी येत. माझ्या अंगाला एक लांब दांडी होती आणि दांडीच्या टोकाला लोखंडी वजन. बॉयलर सांभाळणारे काका रोज सकाळी दांडी बोटाने हलकेच उचलत, माझा आवाज ऐकत आणि म्हणत, ‘‘उठलास का? चल, कामाला लाग.’’ दाबाच्या काट्यावर सातच्या आकड्याला तांबडी रेघ होती. मी तिथे उघडलो नाही, असे कधी घडले नाही. तपासणीला आलेले साहेबसुद्धा माझी पाठ थोपटून गेले होते.

एकदा मालकीणबाईंनी दारापाशी एक तक्रारपेटी लावली. कोणाच्या मनात काही साचून राहू नये, ही पेटी म्हणजे आपला सेफ्टी व्हॉल्व्ह, असे त्यांनी सगळ्यांना सांगितले. मला केवढा अभिमान वाटला! पेटीला कुलूप होते. किल्ली बाईंच्या खणात होती.

दहाव्या वर्षी माझ्या बैठकीवर, म्हणजे मिटताना मी जिथे टेकतो त्या कडेवर, एक बारीक चरी पडली. मी मिटलो तरी वाफ फुसफुसत राही. एक दिवस बॉयलर थंड करून बैठक घासली असती, तर मी पुन्हा नव्यासारखा झालो असतो. पण चादरींचे गठ्ठे थांबत नव्हते, त्यामुळे तो एक दिवस काही निघाला नाही. काका मात्र काहीतरी लिहून पेटीत टाकत असल्याचे मी दोन-तीनदा पाहिले.

इस्त्रीच्या मावशींची जायची वाट माझ्या खालून होती. एका संध्याकाळी माझ्या चरीतून वाफेचा झोत सुटला आणि त्यांचे मनगट भाजले. त्या कळवळल्या. काकांचा चेहरा राखेसारखा झाला. दुसऱ्या दिवशी आल्याबरोबर त्यांनी माझी दांडी खालच्या नळाला तारेने आवळली. तीन वेढे घातले. ‘‘मावशींचा हात बरा होईपर्यंत गप्प बस,’’ असे ते मला अगदी मायेने म्हणाले.

मित्रांनो, मला विश्वासच बसेना. शत्रूने बांधले असते तर समजले असते. इथे सुरक्षिततेसाठीच मला बांधले होते!

जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीची यंत्रे बंद होतात. वाफ खर्च होत नाही, भट्टी मात्र धगधगत असते. एरवी त्या अर्ध्या तासात मी दोनदा तरी उघडत असे. त्या दिवशी दाब सातवर आला, पुढे गेला, आणि मी मिटलेलाच राहिलो. वाफ मला खालून ढकलत होती. माझी दांडी तारेत करकरत होती.

बाहेर अंगणात सगळे डबे उघडून बसले होते. मावशींनी काकांना विचारले, ‘‘दादा, तुमचा बॉयलर आज उपाशी आहे का? आवाज नाही त्याचा.’’

‘‘तुमच्या हातासाठी तोंड बांधलंय त्याचं,’’ काका हसून म्हणाले.

बाकीचेही हसले. मावशींनी घास डब्यात परत ठेवला. ‘‘माझ्या कुकरची शिट्टी अडकली ना, तर मी आधी पोरांना घराबाहेर काढते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही आम्हाला बॉयलरच्याच भिंतीला टेकवून जेवायला बसवलंत.’’

काकांचे हसू तिथेच विझले. ते धावत आत आले तेव्हा काटा शेवटच्या खिळीला टेकला होता. बाहेर मावशी एकेकाला रस्त्यावर पिटाळत होत्या. काकांचा हात तारेकडे गेला आणि थांबला. इतका दाब एकदम सोडला तर बॉयलरच फाटू शकतो, हे ते जाणून होते. त्यांनी भट्टीतल्या विस्तवावर राख लोटली, हवेचे दार बंद केले आणि काट्यासमोर उभे राहिले.

‘‘दादा, बाहेर या,’’ दारातून मावशी म्हणाल्या.

‘‘बांधलं मी. सोडणारही मीच,’’ ते म्हणाले.

काटा उतरायला पाऊण तास लागला. रेघेखाली येताच त्यांनी पकडीने तिन्ही वेढे तोडले आणि माझी दांडी उचलली. मी असा ओरडलो की रस्त्यावरच्या माणसांनी कान झाकले. काका जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडू लागले. रेडिओवरच्या त्या बाईंचे म्हणणे मला तेव्हा पटले.

काकांकडून चिठ्ठ्यांचे कळताच त्याच दुपारी मालकीणबाईंनी पेटी उघडायला घेतली. किल्ली सापडेना, म्हणून कुलूप फोडावे लागले. आत काकांच्या अक्षरातल्या तीन चिठ्ठ्या होत्या. तिन्हींत एकच ओळ होती : ‘झडप गळते आहे. एक दिवस हवा.’ बाई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. माझ्या नावाची ती दुसरी वस्तूही मिटलेलीच होती, आणि तिला तर कोणी तारसुद्धा बांधली नव्हती.

आता माझ्या जागी नवा व्हॉल्व्ह आहे. मी बाईंच्या टेबलावर असतो, आठवडाभरात आलेल्या तक्रारींच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेला. दर शनिवारी काका येतात, सवयीने माझी दांडी बोटाने उचलतात, मग मला बाजूला ठेवून एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतात. मित्रांनो, घरात काही वा कोणी फुसफुसू लागले, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा विचारा, काय झाले? आणि चिठ्ठ्यांवर वजन ठेवलेच, तर निदान शनिवारी ते उचला.