रताळं नव्हे, डेलिया!

मी एक जुना कंद आहे, डेलियाचा. रताळं नव्हे! मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण याच घोटाळ्यापायी माझे चार भाऊ कुकरात गेले.

माझा जन्म अण्णांच्या कुंडीत झाला. अण्णा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उतारवयात लेकीकडे राहायला आले आणि मागच्या अंगणात डेलिया लावू लागले. एकदा त्यांनी बी पेरलं. डेलियाच्या बीचा काही नेम नसतो. एकाच फुलाच्या बिया, पण प्रत्येक झाडाचा रंग निराळा. आमच्या झाडाला फूल आलं ते पिकल्या जांभळासारखं गडद, पाकळीपाकळीच्या टोकाला पांढरा ठिपका, आणि आकार म्हणाल तर जेवायच्या ताटाएवढा! अण्णा म्हणाले, "जन्मभर रंग कालवले, पण हा काही मला जमला नसता." तो रंग टिकवायचा तर आम्हा कंदांमधूनच, बी पेरलं की पुन्हा भलतंच उगवणार. म्हणजे आम्ही फार महत्त्वाची मंडळी होतो.

दरवर्षी फुलं संपून पानं पिवळी पडली की अण्णा आम्हाला उकरून काढत, माती झाडत, सावलीत सुकवत आणि कोरड्या वाळूच्या खोक्यात झोपवत. त्या वर्षी खोक्याचा तळ फुटला, म्हणून त्यांनी आम्हाला टोपलीत ठेवलं. कुठे? तर स्वयंपाकघरात, कांद्याबटाट्यांच्या शेजारी!

अण्णांची लेक, म्हणजे आमची ताई, नर्स. त्या दिवशी ती रात्रपाळी करून झोपली होती. जावई बसचे ड्रायव्हर. बायको उठायच्या आत काहीतरी गरमागरम करून ठेवावं, असा चांगला विचार नेमका त्यांच्या मनात आला. त्यांनी टोपली उपडी केली, तेव्हा मी घरंगळत कपाटाखाली गेलो म्हणून वाचलो.

कुकरचं झाकण उघडलं तेव्हा अण्णा दारातच उभे होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "मीठ तरी घातलंत का?"

एवढं बोलून ते खुर्चीत बसले. प्रकार समजला तसा जावयांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं. शेवटी कपाटाखाली हात गेला आणि ते लहान मुलासारखे ओरडले, "अण्णा, एक आहे! एक आहे!"

माझ्या मानेपाशी बारीक लालसर डोळा होता. कोंब तिथूनच फुटतो. डोळा नसेल तर कंद कितीही गुबगुबीत असो, उगवत नाही.

मला कुंडीत लावलं आणि माझे लाड सुरू झाले. तेच माझ्या जिवावर बेतलं! कोंब वर येईपर्यंत आम्हाला पाणी जवळजवळ लागतच नाही. अण्णांना हे पाठ होतं, पण धीर कुणाला धरवतो? सकाळी ड्युटीवर निघताना जावई मगभर पाणी घालत. ताई कामावरून आली की तिचाही एक मग. दुपारी अण्णा इकडेतिकडे बघत "थोडंसंच" म्हणून मग रिकामा करत. प्रत्येकाला वाटे, आपण एकटेच घालतोय. मी मात्र गळ्यापर्यंत बुडालो होतो आणि ओरडायची सोय नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी तिघं एकदमच कुंडीपाशी आले. तिघांच्याही हातात मग!

"अण्णा, तुम्हीसुद्धा?" ताई म्हणाली.

"मी आपलं थोडंसंच..."

ताईने मातीत बोट खुपसलं, हुंगलं आणि दोघांना बाजूला केलं. मला बाहेर काढलं तेव्हा माझं खालचं टोक मऊ पडलं होतं. तिने स्वच्छ सुरीने तेवढं कापलं आणि जखमेवर राख चोळली. "पेशंट वाचेल," ती म्हणाली, "पण नातेवाइकांनी भेटायला यायचं नाही."

सावलीत सुकवून तिने मला नव्या, कोरड्या मातीत लावलं. पाण्याचे तिन्ही मग माळ्यावर गेले. तिघं रोज नुसते येऊन बघत आणि हात मागे बांधून परत जात.

आणि मित्रांनो, कोंब फुटला! जावई अनवाणीच अंगणात धावले. मी भराभर वाढलो. जरा उंच झालो तर अण्णांनी माझा शेंडाच खुडला.

"अहो, हे काय केलंत!" जावई कळवळले.

"आता फांद्या फुटतील बघा."

फुटल्या की! काठीचा आधार मिळाला, कळी धरली, आणि एका सकाळी ती उमलली. गडद जांभळी, टोकांना पांढरे ठिपके! अण्णांनी जावयांचा दंड घट्ट धरला. "तोच आहे हो, तोच!" आनंदाने मला फुटायचंच काय ते बाकी होतं.

यंदा उकरलं तर माझ्याभोवती चार नवे कंद. खोक्याला नवा तळ बसला. झाकणावर अण्णांनी आपल्या ठसठशीत अक्षरांत रंगवलं, 'हे जेवण नव्हे'. मग चांगला डोळा असलेला एक कंद त्यांनी जावयांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटली. "माझ्यानंतर हा रंग तुम्ही सांभाळायचा." जावयांनी ती मूठ छातीशी धरली. आणि मान हलवली.

मित्रांनो, झाडांना जीव जरूर लावा. पण पाण्याचा मग उचलण्याआधी मातीत एकदा बोट घालून बघा. कोरडी असेल तर घाला पाणी. ओली असेल तर नुसते शेजारी बसा. आम्ही आत असतो. येतोच आहोत.