दोन ठोक्यांमधलं अंतर

सिस्टरना निवृत्त होऊन पाच महिने झाले, तरी सगळं जग त्यांना सिस्टरच म्हणायचं. भाजीवाला म्हणायचा, शेजारीण म्हणायची, इतकंच काय, त्यांचे यजमानसुद्धा सोफ्यावरून हाक मारायचे, "सिस्टर, चहा!" त्यावर सिस्टर म्हणायच्या, "पेशंटला आता चालायला परवानगी आहे."

बत्तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई घरात मावणार कशी? पहिल्या महिन्यात त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या डकवल्या. दुसऱ्या महिन्यात यजमानांचा रोज दोन वेळा ताप बघायला लागल्या, आणि ताप नसतानाही! तिसऱ्या महिन्यात बिचारे स्वतःच हातपाय मारून त्यांच्यासाठी नोकरी घेऊन आले. एका संशोधन संस्थेच्या तळघरात कासवांकडे बघायला कुणीतरी हवं होतं.

"कासवं?" सिस्टर म्हणाल्या.

"निदान ती घंटा वाजवून बोलावणार नाहीत," यजमान म्हणाले.

तर अशा रीतीने सिस्टर त्या थंड खोलीत पोचल्या.

खोली म्हणजे काय, एक अवाढव्य फ्रिजच! जाडजूड दार, आत तीन अंश तापमान, आणि उजेडाला एक मिणमिणता लाल दिवा. भिंतींना लागून फळ्यांवर बेचाळीस टब. प्रत्येक टबात पाणी, पाण्यावर जाळी, जाळीखाली एक कासव. पाण्यात नळीतून सतत बुडबुडे यायचे, पण ते हवेचे नव्हते. ते नायट्रोजनचे होते, पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन हाकलून लावायला सोडलेले.

"यातलं एकही श्वास घेत नाहीये," मॅडम पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. मॅडम म्हणजे तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ, उंच, सडपातळ, कायम घाईत. "गोठलेल्या तळ्याखाली ही कासवं असाच हिवाळा काढतात. तीन-तीन महिने, हवेशिवाय."

"आणि मरत नाहीत?"

"काही दगावतात. पण बाकीच्यांच्या पेशी कशा तगतात तेच तर शिकायचंय." मॅडमचे डोळे लकाकले. "असं बघा सिस्टर, अख्ख्या गावाची वीज गेली. आपल्या पेशी म्हणजे असा दुकानदार, जो दारं सताड उघडी ठेवून सगळी यंत्रं चालूच ठेवतो. गल्ल्यात दमडी उरत नाही, आणि उघड्या दारांतून नको ते आत शिरून सगळ्याची नासधूस होते. मेंदू मरायला चार-पाच मिनिटं पुरतात. कासवाची पेशी शटर ओढून घेते. दारं बंद, यंत्रं बंद, एक पणती तेवढी चालू. हवा नसली तरी साठवलेल्या साखरेवर ती पणती जळते, आणि त्यातून तयार होणारं आम्ल त्यांची पाठ शोषून घेते, पाठीचं कवच! हे शटर ओढायचं तंत्र आपल्याला कळलं ना, तर पक्षाघाताच्या पेशंटचा मेंदू थोपवून धरता येईल. एका गावातून दुसऱ्या गावात न्यायचं हृदय कितीतरी जास्त तास टिकेल."

सिस्टरना हे पटलं. थोपवून धरणं म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

काम सोपं होतं. दर शुक्रवारी प्रत्येक कासवाच्या मानेला एक पेनाएवढं यंत्र टेकवायचं. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकवतं ना, तसलंच. ठोका ऐकू आला की वहीत खूण करायची. नाही आला तर 'मृत' लिहून कासव बाहेर काढायचं, कारण मेलेल्याच्या पेशी मॅडमच्या उपयोगाच्या नव्हत्या. किती वेळ ऐकायचं हे मॅडमनी सांगितलं नाही, कारण त्यांना ते सांगायची गरज वाटली नाही. सिस्टरनी विचारलं नाही, कारण त्यांना ते विचारायची गरज वाटली नाही. बत्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक नाडी घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजली होती. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या पोरींना त्यांनी कसलं झापलं होतं!

बहुतेक कासवांचा ठोका मिनिटात एकदा तरी पडायचा. ठप्. बास, एवढाच. ज्यांचा पडायचा नाही त्यांना सिस्टर पिवळ्या पिशवीत घालायच्या, वास येऊ नये म्हणून पिशवी छातीशी दाबून सगळी हवा काढायच्या आणि दुहेरी गाठ मारायच्या. वॉर्डातली शिस्त! चार वाजता गाडीवाला पिशवी घेऊन भट्टीकडे जायचा. सात आठवड्यांत अशी अकरा कासवं गेली होती.

आठव्या शुक्रवारी यजमानांची दाढ काढायची होती, साडेचारची वेळ मिळाली होती. म्हणून सिस्टरनी नेहमीसारखी दुपारी न करता मोजणी सकाळीच उरकली. तीन कासवं गप्प निघाली. पिशवी, हवा, गाठ. पिशवी त्यांनी बाहेरच्या सामानखोलीत ठेवली. त्या खोलीच्या पलीकडे इमारतीचा बॉयलर होता, त्यामुळे तिथे कायम ऊब असायची.

दोन वाजता त्या डबा धुवून परत येत होत्या. सोबत चिवचिव होती. ही मॅडमच्या हाताखाली शिकणारी मुलगी. तोंडाला क्षणाची उसंत नाही म्हणून सिस्टरनीच तिला हे नाव दिलं होतं.

"सिस्टर, खरं सांगा, दाढ काढताना काका रडतात?"

"आधी रडतात. नंतर त्यांना रडायला काय उरतं?"

चिवचिव खिदळली, आणि मग एकदम थांबली. "काय वाजतंय?"

खर्र.

सामानखोलीतून आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा, खर्र. संथ. जणू कुणीतरी लाकडावरून नख ओढतंय, आणि त्याला कसलीच घाई नाही.

"उंदीर," सिस्टर म्हणाल्या आणि दार उघडलं.

पिवळी पिशवी टेबलावर होती. प्लॅस्टिक आतल्या वस्तूंना इतकं घट्ट चिकटलं होतं की तीन पाठींचा आकार स्पष्ट दिसत होता. आणि त्या प्लॅस्टिकखाली काहीतरी हललं. एक टोक वर उचललं गेलं, पातळ झालं, ताणलं गेलं. आतून पाच बारीक नखं पिवळ्यावर उमटली आणि खाली घसरली.

खर्र.

चिवचिव पहिल्यांदाच गप्प झाली होती.

सिस्टरचे हात मात्र विचार करायला थांबले नाहीत, त्या हातांना तशी सवयच नव्हती. दुहेरी गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी पिशवी टराटरा फाडली. पहिल्या कासवाची मान लांबच्या लांब बाहेर आली, तोंड उघडलं. त्याने आत ओढलेला श्वास ऐकू आला. सात आठवड्यांनंतरचा पहिला श्वास! दुसऱ्याचे डोळे उघडे होते. ते सिस्टरकडे बघत होतं. रागाने नाही, ओळखीनेही नाही, नुसतं बघत होतं. सिस्टरना वाटलं, हे आधीपासूनच बघतंय. सकाळीही बघत होतं, मी हवा काढत होते तेव्हाही.

तिसरं हललं नाही.

"मॅडमना फोन लाव," सिस्टर म्हणाल्या. मॅडम कुठल्याशा परिषदेला परगावी गेल्या होत्या.

चिवचिवने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"मॅडम, मेलेली कासवं चालतायत," सिस्टर म्हणाल्या.

"काय?"

"सकाळी ठोका नव्हता. आता उबेत ठेवल्यावर दोघं हलली."

"गार असताना किती वेळ ऐकलंत?"

"पूर्ण एक मिनिट."

फोनमध्ये मागे कुणीतरी माईक तपासत होतं.

"सिस्टर," मॅडम अगदी हळू म्हणाल्या, "काहींचा ठोका पाच-सात मिनिटांतून एकदा पडतो. जी सगळ्यात खोल जातात, ज्यांचं शटर सगळ्यात घट्ट लागतं, त्यांचा. तीच तर मला हवी होती."

"म्हणजे आधीची अकरा..."

"आत्ता ते नको," मॅडम पटकन म्हणाल्या. "तिसऱ्याला दिव्याखाली ठेवा. उबेत आलं की ठोके भराभर पडायला हवेत, मिनिटाला कितीतरी. पूर्ण गरम होऊनही अर्ध्या तासात एकसुद्धा आला नाही, तरच गेलं असं समजा. गार असताना नाही. गार असताना कधीच नाही."

सिस्टरनी फोन ठेवू दिला नाही.

"मॅडम, माणसाचं असं नसतं ना?"

"नाही हो. माणसाच्या पेशींना हे जमत नाही. म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"आणि माणूस गार पाण्यातून काढलेला असला तर?"

"ते फार क्वचित, सिस्टर. का?"

"काही नाही. सहज."

सहज कसलं! सिस्टर चोवीस वर्षांच्या होत्या तेव्हा सहा नंबरच्या खाटेवर एका बाईला आणलं होतं, हिवाळ्यात, कालव्यातून काढून. केसांतून पाणी ठिबकत होतं. डॉक्टरांनी ऐकलं होतं, सिस्टरनी मोजलं होतं. पूर्ण एक मिनिट. मग चादर वर ओढली होती. त्या बाईच्या हाताचा गारवा त्यांना आत्ता, एकतीस वर्षांनी, बोटांच्या टोकांना जाणवला.

त्यांनी तिसरं कासव दिव्याखाली ठेवलं, मानेला यंत्र टेकवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. चिवचिव शेजारी उकिडवी बसली. यंत्रातून नुसती खरखर येत होती, रिकाम्या नळासारखी. बाकीची दोघं टेबलावरून हळूहळू चालत होती. त्यांची नखं वाजत होती. चालता चालता ती मधेच थांबायची आणि दोघंही तिसऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. चिवचिवने त्यांना दोनदा उचलून दुसरीकडे वळवलं. दोन्ही वेळा ती परत आली.

"ऊब दिव्यापाशी आहे म्हणून येत असतील ना, सिस्टर?"

"त्याचसाठी."

"मग तसं म्हणताना तुमचा आवाज असा का येतोय?"

चार वाजता गाडीवाल्याने दार ठोठावलं. "सिस्टर, माल?"

"नाही. रिकामा जा."

"शुक्रवारी रिकामा? असं कधी झालंय?"

"आज झालं. आणि यापुढे मी स्वतः हातात दिल्याशिवाय इथून काही उचलायचं नाही. कळलं?"

त्याने मान डोलावली आणि टेबलावर फिरणारी कासवं पाहून तो जरा लगबगीनेच गेला.

साडेचारला यजमानांचा फोन आला. "सिस्टर, मी खुर्चीत बसलोय, आ करून! तुम्ही कुठे?"

"दाढ तुमची तुम्ही काढा," सिस्टर म्हणाल्या. यजमानांना त्या आवाजात काय ऐकू आलं कुणास ठाऊक, पण त्यांनी लगेच फोन ठेवून दिला.

कासवाची पाठ आता हाताला चांगली गरम लागत होती. अर्धा तास होऊन गेला, मग पाऊण. सिस्टरनी यंत्राची जागा बदलली, जेल पुन्हा लावलं, बॅटरी बदलली, दुसऱ्या कासवाच्या मानेला लावून बघितलं. ठप् ठप् ठप्, तिथे व्यवस्थित वाजत होतं. तिसऱ्यात खरखर. तासाभराने त्यांनी यंत्र बंद केलं.

चिवचिवच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने वही ओढली. "कारण काय लिहू? ऑक्सिजनचा अभाव?"

"ऑक्सिजन तर त्याला सात आठवडे नव्हता, तेव्हा काय झालं त्याला?" सिस्टर म्हणाल्या. "मी त्याला उबेत आणलं आणि हवा काढून घेतली. उबेत शटर उघडतं, पोरी. दुकान चालू झालं आणि आत काहीच नव्हतं. आण ती वही."

त्यांनी स्वतः लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच, वळणदार. 'सकाळी दहाला जिवंत. मी पिशवीत बांधलं. दहा ते दोनच्या दरम्यान मृत.' खाली सही.

मग त्यांनी मागची पानं उलटली. अकरा ठिकाणी 'मृत' होतं. प्रत्येकावर त्यांनी पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'एकच मिनिट ऐकलं. माहीत नाही.'

"सिस्टर, मॅडमचा सगळा अहवाल यावर..." चिवचिव म्हणाली. "तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे. तोवर अठ्ठावीस उरलीत."

त्यांनी स्वेटर चढवला, स्टूल उचललं आणि थंड खोलीचं जाड दार उघडलं. चिवचिव मागोमाग आत आली. दार धप्पकन मिटलं. बुडबुड्यांचा आवाज, लाल उजेड, तोंडातून निघणारी वाफ. त्या खोलीत वाफ फक्त त्या दोघींच्याच तोंडातून निघत होती.

सिस्टरनी पहिल्या टबाची जाळी बाजूला केली. पाण्याखाली कासवाचे डोळे अर्धवट उघडे होते. मानेला यंत्र टेकलं. खरखर.

एक मिनिट झालं, मग दोन. इतके दिवस या खोलीत कुणी इतका वेळ गप्प बसलं नव्हतं. आता बसल्यावर कळलं की ही शांतता रिकामी नव्हती. चारही बाजूंना फळ्यांवर अठ्ठावीस जीव होते, आणि सगळेच्या सगळे आत्ता कुठेतरी मधे थांबलेले होते.

चौथ्या मिनिटाला चिवचिवने सिस्टरचा दंड धरला. "मला भीती वाटतेय."

"मलाही," सिस्टर कुजबुजल्या. "हलू नकोस. ऐक."