लाल दिव्याची पेटी

अण्णांनी कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मागची वायर उपटली, फुंकर मारली, परत खोचली. जन्मभर लोकांच्या चष्म्यांचे नंबर काढलेला माणूस. पण पडद्यावरचं 'इंटरनेट नाही' काही त्यांना पुसता येईना.

पाच वाजता हॉस्पिटलमधली नर्स अण्णांच्या थोरल्या बहिणीला, ताईला, पडद्यावर दाखवणार होती. ताईची वाचा गेलेली, त्यामुळे अण्णांच्या बटणांच्या फोनचा उपयोग शून्य. उद्या सकाळी मेंदूचं ऑपरेशन. दिसली तर आजच.

इंटरनेट कंपनीच्या फोनवरची मुलगी म्हणाली, "काका, वायफायची पेटी बंद करून पुन्हा चालू करा."

"दुसरा काही उपाय सांग."

"आधी पेटी, काका."

पेटी होती मुलाच्या खोलीत. त्यानं न विचारता अण्णांचं दुकान भाड्यानं दिलं, तेव्हापासून बापलेकांत अबोला. अण्णा जेवताना मीठसुद्धा बायकोमार्फत मागत.

"त्याला म्हणावं, पेटी बंद करून चालू कर."

"मी निरोप्याची नोकरी सोडली," बायको कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "दार नुसतं लोटलेलं आहे. हात बांधलेत का तुमचे?"

अबोल्याच्या हिशेबात आजवर अण्णांचं पारडं जड होतं. दार वाजवलं की सगळी कमाई पाण्यात. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दार वाजवलं.

मुलानं पेटी बंद केली, चालू केली. दिवा लालच.

"लाइन बाहेरूनच गेलीय," तो भिंतीला म्हणाला. मग स्वतःचा मोबाइल काढून त्यानं नर्सला व्हिडिओ कॉल लावला.

तळहाताएवढ्या पडद्यावर ताई उशीला टेकून बसलेली दिसली. केस काढलेले. अण्णांच्या तोंडून एवढंच निघालं, "जेवलीस का गं?"

"नळीनं देतो, काका," नर्स म्हणाली.

ताईची नजर अण्णांवरून मोबाइल धरणाऱ्या भाच्याकडे सरकली. तिनं दोन बोटं जुळवली. लहानपणी भांडणानंतर ती हेच विचारायची: बट्टी?

"झाली, झाली!" अण्णा घाईनं म्हणाले. "विचार त्यालाच."

मुलानं तोंड उघडलं, तोच चित्र थिजलं. बोटं जुळलेली, डोळे अर्धवट मिटलेले.

"काय झालं रे?"

"रेंज गेली."

"मग लाव ना परत!"

"लावतोय, अण्णा."

तो लावत राहिला. पडद्यावर चकरी फिरत राहिली. अण्णांना काय करावं सुचेना. त्यांनी पेटीची वायर उपटली, फुंकर मारली आणि परत खोचली.