पुतळीचा बर्फ

बुधवारची सकाळ. आज टोचणीचा दिवस. रघू शिपायाने बर्फाच्या प्लॅस्टिकबंद पट्ट्या माझ्या चारी बाजूंना लावल्या. मधे लसीच्या बाटल्या ठेवायच्या, तेवढ्यात रोह्याहून, वत्सलाबाईंच्या घरून फोन आला. बाई पहाटे वारल्या. माझं झाकण हातात धरून रघू तसाच उभा राहिला.

मी लसीचा डबा बोलतोय. निळा, खांद्याला अडकवायचा. नागोठण्याजवळच्या या आरोग्य केंद्रात आलो तो नर्स वत्सलाबाईंच्या खांद्यावरच राहिलो. बर्फाची पट्टी त्या कानाशी धरून हलवायच्या. आत पाणी खुळखुळलं, तरच माझ्यात ठेवायच्या. "दगडासारखी गोठलेली पट्टी लस नासवते," म्हणायच्या.

अंबा नदीला मोठा पूर आला त्या वर्षी आम्ही खाडीकाठच्या वाडीत अडकलो. रस्ता बुडाला, वीज गेली. माणसं सामान घेऊन उंचावरच्या शाळेत चढत होती. पोरं टोचून घ्यायला सवड कोणाला? दुसऱ्या दिवशी माझ्यातल्या पट्ट्यांचं पाणी झालं. मी आतून गरम होत होतो आणि काही करू शकत नव्हतो.

मासे विकणारी पुतळी पुढे आली. "बाय, माजे पेटीत बरफ हाय. पन म्हावऱ्याचा हाय. चालंल?"

"पुतळे, लस काय वास घेते? आण लवकर."

पिशव्यांत बांधून तो बर्फ माझ्यात भरला. बाईंनी बाटल्यांवरची, उष्णतेने रंग बदलणारी खूण पुन्हा पुन्हा पाहिली. लस चांगली होती. शाळेतच पोरं टोचली. मला येणाऱ्या वासाने वाडीतली सरू हसली, "बाय, माज्या पोराला बोंबील टोचला काय गो?"

पुढे पेणला आरोग्य खात्याच्या बैठकीत साहेब म्हणाले, "आपली यंत्रणा पुरातही डगमगली नाही." टाळ्या वाजल्या. बाई उभ्या राहिल्या. "साहेब, मी आजारी पडले तर वाडीत कोण जाईल? कुणाला तरी माझ्याबरोबर पाठवा. पावसातली बांधावरची वाट दाखवते, माणसं दाखवते."

"तुम्ही कशाला आजारी पडताय, बाई!"

सगळे हसले. बाईही हसून खाली बसल्या. मी त्यांच्या पायाशी होतो. मला तेव्हापासून स्वस्थता नाही.

आज डॉक्टर म्हणाले, "टोचणी रद्द. वाडीत पुढे कोणाला पाठवायचं ते बघू." रघूला मागे ठेवून सगळे रोह्याला निघाले. लस फ्रिजमध्येच राहिली.

मग सरूचा फोन आला. "बाय निघाल्या काय? धाकटीला घेऊन शाळेत बसलेय."

रघूने सांगितलं. मग सरू म्हणाली, "पुतळीला सांगाया पायजे."

रघू, बाटल्या ठेव आणि उचल मला. वाट चुकलास तर पुतळीचं घर विचार. कोणीही सांगेल. पण माझं बोलणं त्याला ऐकू जात नाही. पट्ट्या आता खुळखुळायला लागल्या असतील. कानाशी धरून पाहायला कोणी नाही.

सरूच्या धाकटीचा तिसरा डोस राहिला आहे.